दुसरं बटण

झाशीच्या कामगार कार्यालयात कारकुनी केली की पेन्शन बेताची मिळते, पण किस्से भरपूर जमतात. त्यात माझा भाचा शेखर जर्मनीत नोकरीला. दर सुट्टीत आला की तिकडे कायदा कसा चालतो हे तो सांगायचा. इकडे कसा झोपतो हे मी!

*

एकदा आमच्या खंडेराव गेटच्या घरी नवाकोरा कुकर पहिल्याच डाळीला फुटला. शेखर तो घेऊन दुकानात गेला. "आमच्याकडे दुसरा देतात, वर माफी मागतात!"

दुकानदाराने कुकर उलटसुलट करून पाहिला. "भैया, गारंटी कुकर की है. आपने तो इसमें दाल पका दी!"

शेवटी माफी मागितली गेली. ती शेखरने मागितली.

*

झाशीजवळच्या बिजौली औद्योगिक वसाहतीत आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी एका दिवसात तीन कारखाने तपासले. तिन्हीकडे कामगारांच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं. तिसरीकडे साहेबांनी एका हेल्मेटवरचा चुन्याचा डाग ओळखला. "ये तो सुबह देखा था!"

मालकाने हात जोडले. "जी, आप चाय पीने रुक गए. ये सीधे आ गए!"

हा किस्सा ऐकून शेखर हसला नाही. "मामा, यात हसण्यासारखं काय आहे?"

तेही खरंच.

*

त्याच बिजौलीत रामसेवक नावाच्या कामगाराचा डावा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेला. घरात मिळवता तो एकटाच. भरपाईऐवजी मालकाने त्याला त्याच प्रेसवर ठेवून घेतलं. "हाथ गया, रोटी तो नहीं गई," असं रामसेवकच आम्हाला समजावायचा.

*

पुढच्या सुट्टीत शेखरला तो कारखाना दाखवायला नेलं. रामसेवकची प्रेस बघून तो थबकला. "मामा, हे मशीन आमच्याकडचं! याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. हात आत राहूच शकत नाही!"

इथे एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली, म्हणजे ते कायम दाबलेलंच. माल लवकर निघावा म्हणून, अगदी पहिल्यापासून.

"म्हणूनच याचा हात गेला!" शेखरने त्याच दिवशी तक्रार केली. आणि नवल म्हणजे, इन्स्पेक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. उभे राहून पाचर काढवली, पुन्हा ठोकाल तर कारखान्याला सील, असं बजावून आले. आमच्या कार्यालयाला स्वतःचीच भीती वाटली!

शेखर खूश. "बघा मामा, मनात आणलं तर इथेही होतं!"

संध्याकाळी रामसेवक दारात. मालकाने त्याला कामावरून काढलं होतं. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"भैया," त्याने शेखरला विचारलं, "आपके यहाँ मेरे जैसे का दूसरा बटन कौन दबाता है?"