कुळथाच्या पिठातलं काडतूस

शनिवार, सात डिसेंबर. सकाळी कुळथाचं पीठ चाळायला घेतलं होतं. गावाहून कुणाबरोबर आलेलं पीठ चाळल्याशिवाय मी डब्यात भरत नाही. तेवढ्यात शेजारची मुलगी आली. ती इथे दुबईत, करामातच लहानाची मोठी झाली, आता नोकरी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तिने शूटिंग रेंजवर नवशिक्यांचं सेशन बुक केलं होतं आणि मी पोलिसात होते हे तिला ठाऊक होतं.

"आंटी, नाईन एमएम घेऊ की थर्टी-एट? थर्टी-एट इज मच बिगर, राइट?"

ही चूक सगळे करतात. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं, की नऊ हा आकडा मिलिमीटरचा आणि अडतीस हा इंचाच्या शंभराव्या भागांचा. दोन्ही गोळ्यांची जाडी जवळजवळ सारखीच. बत्तीसची त्याहून थोडी कमी, साधारण आठ मिलिमीटर. बावीसची सगळ्यात बारीक. बावीसचा धक्का हाताला जाणवत नाही म्हणावा इतका कमी, बत्तीसचा सौम्य, नऊ आणि अडतीसचा चांगलाच. शिकाऊ माणसाने बावीसवर सुरुवात करावी, कारण पहिल्या धक्क्याला घाबरलेला हात पुढे महिनाभर घाबरतो.

"आणि आकड्यापेक्षा बूड बघ," मी म्हटलं. "रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, खिळ्याच्या डोक्यासारखी. पिस्तुलाच्या काडतुसाची कडा बाहेर येत नाही, तिथे नुसती खाच असते. हे मला ट्रेनिंगमधल्या, शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मोरर हवालदारांनी डोळे मिटून, बोटांनी ओळखायला लावलं होतं."

"सो कूल, आंटी," म्हणून ती गेली. पीठ चाळून झालं. पण बत्तीस बोअर आणि कुळथाचं पीठ ही जोडी समोर आली, की नोकरीतलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. ते आज लिहून काढते. नावं-गावं लिहिणार नाही.

तेव्हा मी घाटाखालच्या एका तालुक्याच्या ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. त्या भागात घरातला एक माणूस फौजेत नाहीतर आखातात. माझं घरही त्यात आलं. माझे यजमान शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ॲल्युमिनियमच्या फॅक्टरीत फोरमन होते, अठरा वर्षं.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. अमुक माणूस आज शारजाला निघालाय, त्याच्या सामानात गोळी आहे, त्याला विमानात चढू देऊ नका. एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदाराला वाटलं, भाऊबंदकीतला खोडसाळपणा असेल. त्याने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी कोर्टातून येईपर्यंत ठेवून दिली. मी चार वाजता आले, नोंद वाचली, विमानतळावर फोन लावला. विमान गेलेलं होतं. हा दोष माझ्या ठाण्याचा होता आणि मी तो वरिष्ठांना लेखी कळवला. फोन एसटी स्टँडवरच्या दुकानातून आला होता. दुकानदाराला बाईचा चेहरा आठवत नव्हता.

पाचव्या दिवशी त्या माणसाचा थोरला भाऊ अर्ज घेऊन हजर. शारजात उतरल्यावर तपासणीत सामानात एक जिवंत काडतूस सापडलं होतं. त्या देशात हा गंभीर गुन्हा. कंपनीच्या हमीवर त्याला सोडलं होतं, पण पासपोर्ट जमा आणि काम बंद.

"आमचे वडील फौजेत होते, मॅडम," भाऊ म्हणाला. "त्यांची आठवण म्हणून त्याने ते जवळ ठेवलं. तिथे त्याने तसंच सांगितलंय. वकील म्हणतात, वडील फौजी होते आणि ही त्यांचीच वस्तू, असा पोलिसांचा दाखला मिळाला तर दंडावर सुटेल. नोकरीही राहील."

त्याने मोबाईलवर तिकडच्या कागदांचे फोटो दाखवले. एका फोटोत काडतूस पट्टीशेजारी ठेवलेलं. मी फोटो मोठा केला. बुडाशी कडा बाहेर आलेली, साधी शिशाची गोळी, जाडी आठ मिलिमीटरच्या आत-बाहेर. बत्तीसच्या रिव्हॉल्वरचं. फौजेतल्या जवानाच्या हाती रायफल असते, क्वचित नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. बत्तीस बोअर आपल्याकडे परवान्यावर नागरिकांना मिळतं.

"सापडलं कुठे सामानात?"

"कुळथाच्या पिठाच्या पिशवीत."

"वडिलांची आठवण पिठात ठेवतात?"

भावाने मोबाईल खिशात ठेवला. मी त्याला सांगितलं, "हा दाखला मी देणार नाही. दिला तरी उपयोग नाही. तिथल्या तज्ज्ञाला हे पाच मिनिटांत कळेल आणि मग खोटं बोलल्याचंही त्याच्या अंगाशी येईल."

शस्त्रपरवान्यांचं रजिस्टर काढलं. त्या गावाच्या आसपास बत्तीस बोअरचे परवाने तीन. दोघांचा हिशोब बरोबर लागला. तिसरे एक निवृत्त सरकारी अधिकारी, गावाबाहेर बंगला बांधून राहणारे. त्यांच्याकडे एक काडतूस कमी निघालं.

"शक्यच नाही," ते म्हणाले.

"शेवटचे कधी मोजले होते?"

"मोजायचे कशाला? घरात येतंय कोण? मी, आमच्या हिच्या आजारपणात येणारी नर्स, आणि झाडूपोछाला ती एक बाई."

ती बाई म्हणजे शारजातल्या त्या माणसाची बायको.

दुसऱ्या दिवशी दुपारी महिला शिपाई तिला घेऊन आली. तिशीची, काटक, डोक्यावर पदर. बऱ्याच जणी आधी रडतात, मग नाकारतात. ही दोन्ही न करता उभी राहिली.

"फोन तू केलास?"

"हो."

"गोळी तूच ठेवलीस आणि फोनही तूच केलास?"

"माझ्या जावेच्या माहेरचा एक जण होता. त्याच्या बॅगेत गोळी निघाली, म्हणून विमानतळावरून परत धाडला त्याला. व्हिसा गेला. आता गावात टेम्पो चालवतो. मला वाटलं, यांनाही परत धाडतील. हे निघाल्यावर जावेला सहज विचारलं, तर ती म्हणाली, इथे सापडला म्हणून वाचला, तिकडे सापडला असता तर आत टाकला असता. मग मी पळत स्टँडवर गेले."

"ती फुटली असती म्हणजे?"

"पिठात कशी फुटेल?"

महिला शिपाई हसली. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती खिडकीकडे बघू लागली.

"अगं, नवऱ्याला सरळ सांगायचंस ना, जाऊ नका म्हणून."

"असं कसं सांगायचं, मॅडम? सगळ्यांचे जातात. सासूबाई म्हणाल्या असत्या, हिलाच काय मोठं दुःख."

"म्हणून गोळी ठेवलीस?"

"ते सोपं वाटलं," ती म्हणाली.

मी तिला स्पष्ट कल्पना दिली. हा जबाब गेला तर नवऱ्याला ठाऊक नव्हतं हे सिद्ध होईल. पण काडतूस चोरल्याचा आणि बेकायदा बाळगल्याचा गुन्हा तिच्यावर लागेल. ती म्हणाली, "माझं नाव लिहा. पण त्यांना कळू देऊ नका." मी म्हटलं, कागद त्यांच्याच वकिलाकडे जायचा आहे. तिने सही केली.

शारजातून मात्र निरोप वेगळा आला. नवरा हट्टाला पेटला होता. काडतूस वडिलांचंच, मीच ठेवलं, बायकोला जबाबात घालू नका. वकील वैतागला. कोर्टासमोर दोन गोष्टी गेल्या असत्या तर दोन्ही बुडाल्या असत्या.

यजमानांकडे जायला माझी वार्षिक रजा आधीच मंजूर होती. अधीक्षक साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भेटा हवं तर. पण तिथे तुम्ही पोलीस नाही, हे लक्षात ठेवा."

एरवी यजमान शेअरिंगच्या खोलीत राहत. मी आले की पंधरा दिवसांसाठी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत एका खोलीचा स्टुडिओ फ्लॅट भाड्याने घेत. दोन ताटल्या, दोन पेले, एक कुकर. मी परतले की ते सामान खोक्यात भरून पुढच्या वर्षासाठी आपल्या खोलीतल्या पलंगाखाली ठेवत. त्या वेळी तिसऱ्याच दिवशी मी त्यांना औद्योगिक क्षेत्रात न्यायला सांगितलं.

"सुट्टीवर आलीयेस की बंदोबस्तावर?"

"अहो, तासाभराचं काम आहे."

"यल्ला, चला, बसा मग निरीक्षक बाई. ड्रायव्हरची सोय आहेच."

लेबर कॅम्पच्या बाहेर, गॅरेजांच्या ओळीत एक कॅफेटेरिया होता. तिथे तो आला. पस्तिशीचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. काम बंद असूनही दाढी केलेली. वकिलाने माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं. यजमान शेजारच्या टेबलावर कडक चहा घेऊन बसले.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतला. ते बाबांचंच आहे."

मी खिशातलं पेन आणि त्याच्या पुढ्यातली स्ट्रॉ दोन काडतुसं म्हणून शेजारी शेजारी ठेवली. फौजेतलं काडतूस कसं असतं, हे कसं आहे, कडा कुठे असते, सगळं शिकाऊ शिपायाला सांगावं तसं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं. पिठाच्या पिशवीचं तोंड तीच शिवते. दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही त्याला."

"तरी खोटं सांगितलंस?"

"माझी शिक्षा झाली तर मी काढीन, मॅडम. बाईमाणसाला ठाण्यात उभी करायची का?"

"ती उभी राहून गेली. सही पण झाली."

त्याचा चेहरा उतरला. "काय म्हणाली?"

जबाबाची प्रत माझ्या पर्समध्ये होती. ठाण्यात वाचतो त्याच आवाजात वाचली. "माझे पती गेली नऊ वर्षे आखाती देशात नोकरीस असून दर दोन वर्षांनी एक महिना घरी येतात. ते निघाल्यावर मी आठ दिवस त्यांचे अंथरूण काढीत नाही. सदर काडतूस मी त्यांना इजा व्हावी या हेतूने ठेवले नसून ते परत यावेत या हेतूने ठेवले."

मागे गॅरेजात कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होता. तो थांबला तेव्हा हा पुढे झुकला.

"पुन्हा वाचा, मॅडम. शेवटचं."

मी वाचलं.

"हे तिचं बोलणं आहे की तुमचं?"

"हेतू हा शब्द माझा आहे. बाकी तिचं."

त्याने रुमाल काढला, चेहरा पुसला, आणि म्हणाला, "वकिलाला सांगतो, खरं ते लिहा." प्रत मागितली. प्रकरणाचा कागद मला देता येत नव्हता. मग त्याने शेवटचं वाक्य हळूहळू स्वतःच्या मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं, 'सदर' सकट.

नवऱ्याला माहिती नव्हती, हे तिथल्या कोर्टाने मानलं. कंपनीने मात्र व्हिसा रद्द केला आणि दोन महिन्यांनी तो घरी परतला. तिच्यावर दोषारोपपत्र मीच पाठवलं. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. निवृत्त साहेबांचा परवाना निलंबित झाला, तो व्हायलाच हवा होता. नवरा-बायकोचं पुढे गोडीत गेलं की नाही, मला ठाऊक नाही. एकदा तालुक्याच्या बाजारात दोघं दिसले. खताच्या गोणीवरून भांडत होते, अगदी मोकळेपणाने.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ठाण्यापुरती. कुठलीही निनावी खबर संध्याकाळपर्यंत डायरीत पडून राहता कामा नये. दुसरी सांगायला मला जड जाते. मी त्या बाईला विचारलं होतं, सरळ का सांगितलं नाहीस. अठरा वर्षांत मीही ते सांगितलं नव्हतं. निरोप देताना मी कायम तिकीट, पासपोर्ट, गोळ्या-औषधं, एवढंच विचारत आले. फरक इतकाच, की माझ्या ताब्यातली काडतुसं रजिस्टरवर होती.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान नेहमीसारखे पाचला उठले. कंपनीची बस पावणेसहाला येई. मी डबा भरला नव्हता.

"डबा?"

"आज जाऊ नका."

"का? बरं नाही का तुला?"

"बरं आहे."

"मग कुठे जायचंय?"

"कुठे नाही. जाऊ नका एवढंच."

एक बूट पायात आणि एक हातात, असे ते दारापाशी उभे राहिले. मग खाली बसले आणि फोन लावला. "हां भाई, आज नहीं आऊँगा। नहीं नहीं, तबीयत ठीक है। घर में बोला है, मत जाओ।"

मी चहाचं आधण पुन्हा ठेवलं, दोघांचं.