पन्नाशीच्या तिकिटाला हळदकुंकू

घरात नवी वस्तू आली रे आली, की आमची चंद्रावती वहिनी हळदकुंकवाचा करंडा घेऊन हजर! फ्रिज, मोटरसायकल, गॅसची शेगडी, कुणाचीच सुटका नाही. कामोठ्यात शेजाऱ्यांनी मिक्सर घेतला, तर ही बाई त्यालाही बोट लावून आली.

तिचा नवरा, म्हणजे माझा कमळाकरदादा, पोस्टाची तिकिटं जमवायचा. गावानं त्याला कधीच येडा ठरवून टाकला होता. दोन हजार साली प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं झाली आणि त्याचं खास तिकीट निघालं. दादानं पनवेलच्या पोस्टात रांग लावून तिकिटांचा अख्खा कोराकरकरीत कागद आणला. "शाळेच्या हॉलमध्ये तिकिटांचं प्रदर्शन आणि स्पर्धा आहे, तिथं मांडणार. एकदा तरी लोक माझं काहीतरी बघतील रे," म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बघतो तर काय, कागद देव्हाऱ्यात आणि मधोमध हळदकुंकवाचं ठसठशीत बोट!

"अगं, काय करून ठेवलंस हे!" दादाचा चेहराच उतरला.

"देशाची पन्नाशी ना? मंग ती कोरडीच करायची का?"

दादा चादर ओढून पडला. प्रदर्शनाचं नाव काढेना. वहिनी वरमली, पण बाई मुलखाची हट्टी. कागद वर्तमानपत्रात घालून मला म्हणाली, "भावोजी, चला. आपुन नेऊ."

हॉलमधल्या परीक्षकानं कागद पाहिला नि मान हलवली. "बाई, डाग पडलाय. स्पर्धेत घेता येणार नाही."

"डाग? अवो, हलद हाय ती! तुमच्या लग्नात तुमाला लागली नाय का?"

बिचाऱ्याला हसू आवरेना. त्यानं कागद स्पर्धेबाहेर, दाराजवळच्या टेबलावर मांडू दिला. मग काय विचारता! येणारी प्रत्येक बाई तिथंच थबके, हात जोडे, पोरांना तिकिटं दाखवी. आतल्या भारी भारी तिकिटांकडे कुणी फिरकेना. मी धावत जाऊन दादाला उठवून आणलं. दारातली गर्दी बघून तो गडबडलाच.

"कुणाचं हो हे?" एकीनं विचारलं.

वहिनीनं त्याला धरून पुढे ढकललं. "यांचं. रांगेत उभं रावून आणलंय."

दादाचे डोळे भरून आले. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं!

बक्षीस काही मिळालं नाही. पण तेव्हापासून दादा नवं तिकीट निघालं की दोन आणतो. एक अल्बममध्ये जातं. दुसरं वहिनीपुढे धरून म्हणतो, "घे, लाव बोट."