पिना मारलेलं शेवटचं प्रकरण

नवी कादंबरी हातात आली की खुनीकाका आधी तिचं शेवटचं प्रकरण स्टेपलरने बंद करत. वर एक पिन, मध्ये एक, खाली एक. मगच पहिलं पान उघडत. स्वतःवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता.

कळंबोलीतल्या आमच्या सोसायटीत त्यांना खुनीकाका म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. लोखंड बाजारातल्या वजनकाट्यावर ट्रक मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. डबा खाऊन झाला की खुनाची गोष्ट वाचायची, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही टिकली. माणूस इतका मवाळ, की काकू म्हणायच्या, "शंभर खून पचवलेत यांनी, आणि झुरळ दिसलं की मला हाक मारतात." वाचनालयाचं पुस्तक मात्र ते घेत नसत. तिथल्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. "असल्या माणसाला जन्मठेपच पायजे," हे त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचा खरा जीव होता एका मालिकेवर. एकूण दहा पुस्तकं, आणि सगळी सांगणारा एक इस्त्रीवाला. पोलिसांना सुचत नाही ते याला कपड्यांवरून कळतं. हा गडी कुणाच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. माणूस घाबरला असं तो म्हणत नाही, सदरा पाठीला चिकटला म्हणतो. बाई खोटं बोलली असं न सांगता तिने पदर कितीदा सारखा केला ते सांगतो. अधूनमधून त्याची बायको चहा घेऊन येते, इस्त्रीत कोळसे भरते, एखादा टोमणा मारते आणि जाते. काका तिला वहिनी म्हणत आणि सख्ख्या भावजयीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत. "या खेपेला वहिनी जरा गप्प गप्प आहे गं," असं त्यांनी मला एकदा जिन्यात थांबवून सांगितलं. मी तळोज्याच्या कंपनीतून दमून आले होते, हातात भाजीची पिशवी होती, तरी मीही काळजीने "का बरं?" असं विचारलं.

शेवटच्या प्रकरणाशी आले की ते खुन्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकत आणि मग पिना काढत. नऊ पुस्तकांच्या नऊ चिठ्ठ्या, नऊच्या नऊ चुकलेल्या. "एकदा बरोबर येऊ दे, अख्ख्या सोसायटीला पेढे वाटतो," असं दर वेळी म्हणत. आम्ही पेढ्यांची आशा सोडली होती, त्यांनी सोडली नव्हती.

दहावं, म्हणजे मालिकेचं शेवटचं पुस्तक आलं तोवर त्यांची नजर गेली होती. माणसं अंदाजाने ओळखत, पण अक्षरं दिसत नसत. काकूंना खुनाबिनाचं ऐकवत नसे, म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी वाचून दाखवू लागले. पिना मात्र काकांनी चाचपत स्वतःच मारल्या. चिठ्ठीसुद्धा जाड मार्करने स्वतः लिहिली, आणि तेवढा वेळ मला पाठ फिरवून बसवलं.

पिना काढल्या. दोन पानं वाचली आणि माझी नजर पुढे धावली. खून वहिनीने केला होता, आणि ते सांगत होता तिचा नवराच. समोर काका मान पुढे करून ऐकत होते. मला काही ते वाचवेना. गोष्टीत एक मुकादम होता, दिलं सगळं त्याच्यावर ढकलून. "मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला," असं मी मनाचंच वाचलं आणि पुढची जुळवाजुळव करू लागले.

"थांब," काका म्हणाले. "हे तो बोलला नाय."

"म्हणजे काय काका?"

"तो चेहरे बघत नाय गं. नऊ पुस्तकांत एकदा पण नाय. हे तुझं आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "छापलंय ते वाच. माझं टेन्शन नको घेऊ."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, आणि छापलेलं वाचलं. त्या रात्री बायकोने एकच पातळ तीनदा धुतलं, एवढंच इस्त्रीवाल्याने सांगितलं होतं आणि गोष्ट संपवली होती.

काकांनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन चाचपत मिटलं. मग म्हणाले, "बायको असली तरी खोटं नाय बोलला. माणूस खरा."

मी डब्याकडे हात नेला. "काका, चिठ्ठी बघायची ना?"

"राहू दे. चुकलीच असेल," ते म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. दहावीही गेली असं मी धरून चालले.

पुढच्या वर्षी काका गेले. दिवस झाल्यावर काकूंनी दहा पुस्तकं आणि तो डबा माझ्यापुढे ठेवला. "तुला द्यायचं म्हणून सांगून गेलेत," म्हणाल्या. दहावी चिठ्ठी सगळ्यांत वर होती. एकमेकांवर चढलेली मोठी, वेडीवाकडी अक्षरं.

"वहिनी. चुकलो तर बरं होईल."

मी रचलेलं खोटं म्हणजे त्यांना हवं होतं तेच होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. तरी त्यांनी मला थांबवलं, आणि आयुष्यात एकदा बरोबर आलेलं उत्तर कुणाला दाखवलंही नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, रागही आला आणि रडूही आलं. काकूंनी चिठ्ठी वाचली, तिची नीट घडी घातली आणि परत डब्यात ठेवली.

पेढे आम्ही वाटले नाहीत.