टाचा खाली

मुलांची उंची मोजणं हे माझं काम. या कामात आकड्यांआधी किस्से जमतात, कारण मोजून घ्यायला लोक भितात!

जपानमध्ये मी हेच शिकले. तिथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या उंच होत गेली आणि मग ती वाढ थांबली. शिकून थेट गोव्यात, साखळीला परतले, आपल्या मुलांसाठी. मयेच्या शाळेत पालकांना हे तळमळून सांगितलं, तर जान्हवी नावाच्या एका मुलीची आजी मागून म्हणाली, "बाय, थांबली थांबली असा पोरांसमोर म्हणू नको. आयकल्यार थांबता."

टाळ्या तिला मिळाल्या.

*

तुयेच्या शाळेत, कारखान्यात जाणारी एक आई रांगेतच मुलाला शिकवत होती, "हळूच टाचा वर कर." मी ओरडले, "टाचा खाली!" ती कानाशी आली. "मॅडम, कमी भरलो तर शाळेतसून काडतले?"

मी हसले. ती हसली नाही.

*

उंच मुलांची भीती वेगळी. पेडण्याच्या एका बापाने मला बाजूला घेतलं. "आकडो मोठ्यान वाचू नका, दिश्ट लागता."

तेव्हापासून मी आकडे कुजबुजते.

*

तान्ह्या बाळाला फळीवर निजवून मोजतात. अंगणवाडीत एका आजोबांनी फळीवरून नातू उचललाच. "निजवून माप कोणाचा घेतत, ठाऊक आसा तुका?"

माझ्यासोबतच्या नर्स शालनताईंनी फळी मिटली.

*

यंदा मयेला जान्हवी पट्टीखाली उभी राहिली. आकडा गेल्या वर्षीचाच. पुन्हा मोजलं. तोच. वर्षभर पोर वाढत नाही, याची कारणं मला पाठ होती. त्यातली बरीचशी घाबरवणारी.

शालनताईंना घेऊन तिच्या घरी गेले. "उद्याच हॉस्पिटलात दाखवा."

आजी म्हणाली, "गेल्या वर्सा ही शाळेच्या पडवीत आडवी झालेली. तू घाईत तिका वलांडून गेलंस, परती वलांडूक इलंसच नाय. वलांडलेला पोर वाढना."

मला काही आठवेना. "आजी, असं नसतं."

"तर मगे आमी हॉस्पिटलात येवचे नाय."

जान्हवी जमिनीवर आडवी झाली, डोळे घट्ट मिटून. मी चपला काढल्या आणि तिला उलटं ओलांडलं.

"फाल्यां येतंव हॉस्पिटलात," आजी म्हणाली.

जान्हवी उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आता मोज."

तिच्या टाचा हळूच वर गेल्या.

शालनताई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. 'टाचा खाली' मी म्हटलं नाही.