झाशीतलं अपुरं मनोगत

माघातला रविवार. पुरस्काराची रक्कम रुपये पंचवीस हजार. हजर: आमच्या कुलमंडळाचे अध्यक्ष नानासाहेब, खजिनदार या नात्याने मी, झाशीचे यजमान मधुकरराव, सत्कारमूर्ती डॉक्टर वसुधा आणि कुळातली साठेक माणसं. कार्यवृत्तात एवढं लिहून मी सही केली. त्यात खोटं काही नव्हतं. पण मंडळाच्या वार्षिक अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे झाशीचं प्रवासवर्णन मागितलं, आणि लिहायला बसलो तर किल्ल्याच्या आधी दुसरंच आठवू लागलं.

नानासाहेब आणि मी झाशीला उतरलो तेव्हा फलाटावर दाट धुकं होतं. मधुकरराव स्वतः न्यायला आले होते. आपल्या कुळाची ही शाखा अठराव्या शतकात झाशीजवळच्या गुरसरायच्या जहागिरीत कारकुनीला आली आणि इकडचीच झाली. "पानी गरम आहे जी, आधी नहाऊन घ्या, मग चाय," असं त्यांचं मराठी. सूनबाईंना मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. दुपारी त्यांनी गकरिया (निखाऱ्यावर भाजलेल्या जाड भाकऱ्या) आणि भटे का भर्ता (वांग्याचं भरीत) वाढलं. धुराचा वास लागलेलं ते भरीत मी मागून घेतलं.

जेवण झाल्यावर लक्षात आलं की सत्काराची शाल पुण्यालाच राहिली. चूक माझी, म्हणून मीच बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "शाल सम्मान वाली चाहिए कि ओढ़ने वाली?"

"फ़र्क़ क्या है?"

"सम्मान वाली में चमक है, भाईसाहब. ठंड तो ओढ़ने वाली ही रोकेगी."

मी सन्मानाची घेतली. ती स्वस्त होती, आणि घासाघीस करून आणखी तीस रुपये सोडवले. मंडळाचे पैसे वाचवल्याचं मला समाधान वाटलं.

संध्याकाळी वसुधाताई आल्या. त्या मधुकररावांच्या पुतणी, वय पंचेचाळिशीचं, व्यवसायाने भूलतज्ज्ञ. सकाळी शहरातल्या शस्त्रक्रियांना भूल देतात आणि संध्याकाळी झाशीच्याच नगरा वस्तीत वडिलांच्या जुन्या दवाखान्यात बसतात. मागच्या वर्षी त्या एका युद्धग्रस्त देशातल्या इस्पितळात काही महिने काम करून आल्या. पुरस्कार त्यासाठीच होता. आरतीनंतर आणि जेवणाआधी सत्कारमूर्तीने मनोगत सांगायचं, ही आमची पद्धत.

गाडीतच नानासाहेब मला म्हणाले होते, "पहिल्या रांगेत देणगीदार असतात. कुणाचा मुलगा लढाईच्या या बाजूला नोकरीत, कुणाचा जावई त्या बाजूला. तिला सेवेबद्दल बोलू दे, लढाईबद्दल नको. तू आकड्यांचा माणूस, तूच सांग तिला."

म्हणून चहा घेता घेता मी विषय काढला. "वसुधाताई, उद्या जे बोलाल ते पडताळलेलं हवं. किती गेले, कुणी मारले, पुरावा काय?"

"दादा, मी भूल देते. माझ्या टेबलावर जे आले तेवढेच मला माहीत. मोजायला हात रिकामे नव्हते."

"मग ते सांगोवांगी होईल."

"माझ्यासमोर झालेलं सांगोवांगी?" त्या हसल्या, पण ते हसू मला आवडलं नाही. "बरं जी, आकडा एकही सांगणार नाही. पाहिलेलं सांगीन. तिथल्या आमच्या नर्सला मी वचन देऊन आले आहे, मला जिथे उभी करतील तिथे हे सांगीन म्हणून. ती अजून तिथेच आहे."

मी मान डोलावली. मनात मात्र आलं, बाई हुशार आहेत पण काटेकोर नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात आरती झाली. शाल, श्रीफळ आणि पाकीट देऊन झालं. वसुधाताई बोलायला उभ्या राहिल्या.

"मी त्या देशाचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की माणसं आधी बाजू बघतात आणि मग जखम. आमच्याकडची भुलीची औषधं संपली. ती कुठे मिळत नव्हती असं नाही. औषधाच्या गाड्या नाक्यावर उभ्या होत्या, इस्पितळाच्या गच्चीवरून दिसायच्या. त्यांना सोडत नव्हते. मग एक मुलगा आला. त्याचा हात काढावा लागणार होता..."

पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं. नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी स्वयंपाकघर दाखवलं.

ही खूण मंडळात सर्वांना ठाऊक आहे. लांबलेल्या वक्त्याला आम्ही 'पुरे' म्हणत नाही. खजिनदार आत जातो, पानं मांडून घेतो आणि बाहेर येऊन सांगतो, "पानं वाढली आहेत." मग वक्ता कितीही मोठा असो, त्याला थांबावं लागतं. वाढलेल्या पानाला ताटकळत ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. मी हे अनेकदा केलं आहे आणि लोकांनी माझे आभारही मानले आहेत.

मी आत गेलो. आचारी कढईपाशी उभा होता. "अभी तो पूड़ी भी नहीं निकली, साहब."

मी तसाच बाहेर आलो आणि म्हणालो, "पानं वाढली आहेत."

वसुधाताईंचं वाक्य अर्ध्यात होतं. "तेव्हा त्याच्या आईने मला विचारलं..." लोक उठले, खुर्च्या सरकल्या. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग माइक खाली ठेवून म्हणाल्या, "चला, जेवून घ्या."

आम्ही सगळे रिकाम्या पानांपुढे बसलो आणि बसूनच राहिलो. माझ्या समोरच्या पंगतीत मधुकररावांच्या आत्या होत्या. त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय रे बाबा, वाढली म्हणालास न? माझी पत्तल (पत्रावळ) तर कोरी आहे. तेवढ्यात त्या आईने काय विचारलं ते ऐकून झालं असतं की."

मी मीठ शोधत असल्यासारखा पानात बघत राहिलो, आणि पानात मीठही नव्हतं. आदल्या दिवशी वसुधाताईंकडे पुरावा मागणारा मी. त्या कार्यालयात सकाळपासून एकच खोटं बोललं गेलं होतं आणि ते माझं होतं.

पुऱ्या आल्या तेव्हा वसुधाताईंनी पुरस्काराचं पाकीट माझ्या पानाशेजारी ठेवलं. "मनोगत अपुरं राहिलं, दादा. पूर्ण होईल तेव्हा द्या."

दुसऱ्या दिवशी आमची गाडी रात्रीची होती. नानासाहेब मधुकररावांबरोबर किल्ला बघायला गेले. मी संध्याकाळी नगऱ्यातल्या दवाखान्यात गेलो. दारातल्या कंपाउंडरने विचारलं, "तकलीफ़ क्या है?" मला सांगता येईना. त्याने फी घेतली आणि बाकावर बसायला सांगितलं. शेजारी चिरगाँवहून आलेली एक बाई खोकत होती. ती म्हणाली, "बैठो भैया, डॉक्टरनी सबकी सुनती हैं."

नंबर आल्यावर मी आत गेलो आणि म्हणालो, "पानं वाढली नव्हती."

"माहीत आहे. पुरीचा वास आला नव्हता, म्हणून तर मी निवांत बोलत होते."

"त्या आईने काय विचारलं?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मुलाला घट्ट धरून ठेवा, असं मी तिला सांगत होते. तिने विचारलं, तुमच्या देशात हे लोकांना माहीत आहे का? मी म्हटलं, नसावं. ती म्हणाली, मग ठीक आहे. मला वाटलं, माहीत असून गप्प आहेत."

त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"पेशंटचं गुपित पोटात ठेवायची आमची शपथ आहे, दादा. गाडी अडवणाऱ्याचं गुपित ठेवायची नाही. औषध नसेल तर नाही म्हणून सांगायचं, आणि का नाही तेही सांगायचं. हे माझ्या कामातच येतं. तिथे औषध संपल्यावर माझ्याकडे एवढंच उरलं होतं."

"आता मी काय करू?"

"ते मला विचारता?" त्या थकल्यासारख्या हसल्या. "बाहेर पेशंट बसलेत, दादा."

परतीच्या गाडीत नानासाहेब किल्ल्याचे बुरूज, तोफा, वरून दिसणारं शहर असं सगळं सांगत होते. मध्येच मी म्हणालो, "काल पानं वाढली नव्हती." ते म्हणाले, "चालायचंच. वेळ निभावली ना?" आणि चादर ओढून झोपले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वेळ त्यांनी नव्हे, मीच निभावली होती. आकडे नाहीत म्हणून मी वसुधाताईंना काटेकोर मानलं नव्हतं. आकडे मला हवे होते ते खरं कळावं म्हणून नव्हे, ऐकावं लागू नये म्हणून.

किल्ल्याचं वर्णन मला देता येत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्या जागी मनोगताचा राहिलेला भाग लिहिला आहे. कुळातल्या ज्या घरी हा अंक जाईल, त्या घराला यापुढे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. संपादकांनी हा भाग वगळला, तर मी पुढच्या सभेत उभा राहून वाचीन, जेवणाच्या आधी. कार्यवृत्तात दुरुस्तीही जोडली आहे: 'पानं वाढली आहेत असं खजिनदारांनी जाहीर केलं तेव्हा ती वाढलेली नव्हती.'

पुरस्काराचे पंचवीस हजार अजून कुणालाही दिलेले नाहीत. झाशीत शेवटी दिले ते दोनशे रुपये, डॉक्टर वसुधा यांना, तपासणीची फी म्हणून. ते मंडळाच्या खर्चात धरलेले नाहीत.