मोबाइल जोडले की सुटणारा वास

भूतं-बितं मानणाऱ्यांतली मी नव्हे. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, बीएस्सी आयटी. घरात कोणी दृष्ट काढायला लागलं तरी भांडते. तरीही हे लिहितेय...

हरिहरेश्वरला एका शाकाहारी लॉजचं वायफाय मी बसवलं. दर मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट – थाळीएवढा पांढरा डबा. मजल्यावरचे सगळे मोबाइल त्यालाच जोडले जातात. थोड्याच दिवसांत शेठचा फोन.

"मॅडम, दुसऱ्या मजल्यावर मासळीची घाण मारतेय. आमची ती झाडूवाली कोळीण... तिला काढतोच. तुम्ही फक्त डब्यात पाल-बिल मेलीय का बघा."

गेले. वास मासळीचा नव्हताच. मी कोळ्याची मुलगी, सडकी मासळी ओळखते. हा जखमेची जुनी पट्टी सोडल्यावर येतो तसला – गोडसर, घशाला चिकटणारा. शी! डबा उघडला, आत स्वच्छ. नवा लावला, तोही घाणला.

मग झाडूवाल्या हिरामावशींना वर उभं केलं आणि खाली ऑफिसातून डब्याची वायर काढली.

"गेला गं!" वरून आवाज.

परत घातली. यात्रेकरूंनी लॉज भरलेलं. एकेक मोबाइल पुन्हा जोडला जायला लागला आणि...

"आला! बाय, मना वकारी येतेय!"

कितीदा तरी केलं. खाली स्क्रीनवर जोडलेले मोबाइल वाढतील तसा वर वास दाट. शेवटी शेठलाच त्या डब्याखाली उभं करून दाखवलं. नाकावर रुमाल धरून म्हणाला, "पटलं. पण गिऱ्हाइकाला काय सांगू, वायफाय घाण मारतंय? कोळीण काढली म्हटलं की लगेच पटतं त्यांना."

"शेठ, मीही कोळीणच आहे."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही शिकलेल्या."

वासाने आली नव्हती एवढी किळस मला त्या वाक्याने आली. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "ऱ्हाऊं दे गं बाय. मी जातंय. मंग बघूया ह्यो कोनाला काढतोय!"

परवा शेठचा परत फोन. मावशी नाहीत, डबा दुसऱ्या कंपनीचा, वास तोच. "मॅडम, काहीतरी कारण सांगा हो!"

"माहीत नाही, शेठ. पण कोणाचं तरी नाव पाहिजे म्हणून मी देणार नाही. मावशींना परत बोलवा."

त्याने फोन ठेवला. मावशी अजून घरीच आहेत. आणि कारण... मला खरंच माहीत नाही.