पाचशे दहा, पाचशे दहा

मीटरवाल्या भाऊंना मी आधी चोरून ऐकणारा माणूस समजले होते, हे आता हसत हसत कबूल करते. इमारतीचा पाण्याचा मीटर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. हा माणूस यायचा आणि आकडा टिपून निघायचं सोडून डोळे मिटून पुटपुटत उभा राहायचा. आत माझं नि नवऱ्याचं कडाक्याचं वाजलेलं. म्हटलं, कान लावून ऐकतोय मेला. भांडी विसळलेलं पाणी दिलं ओतून डोक्यावर.

"ताई, तेरानं भाग जात होता हो," खालून रडवेला आवाज आला. "आता परत पहिल्यापासून."

तेव्हापासून चौदा वर्षं दर महिन्याला आमच्याकडे चहा, आणि चहाबरोबर आकडा. कुठला 'मूळ', म्हणजे ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. कुठला सगळ्यांशी मिळूनमिसळून राहणारा. त्यांची बायको म्हणते, लग्नाची तारीख विसरतील, पण तिला तेवीसनं भाग जातो हे नाही विसरायचे.

परवा भाऊ धापा टाकत आले. मागोमाग पाना घेतलेला फिटर. जुना मीटर काढून नवा लावायचा होता, आणि जुन्यावर आकडा होता ५१०५०९.

"पुढचा एकच बघू द्या," भाऊ म्हणाले. "५१०५१०. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, पहिल्या सातही मूळ संख्यांनी भाग जातो. असा सगळ्यात लहान आकडा हाच. नवा मीटर शून्यापासून सुरू होणार. तो इथवर येईपर्यंत मी कुठला नोकरीत?"

मी काय गप्प बसतेय. तिन्ही मजल्यांवर सांगून आले, धुणं आत्ताच धुवायला काढा, नळ सोडा, मीटर पुढे सरकायला हवा.

"सतरानं कसा जातो?" फिटरनं विचारलं.

"सतरा त्रिक एक्कावन्न. म्हणून पाचशे दहाला जातो. तेच इथं दोनदा लिहिलंय. आणि तीन आकडी संख्या दोनदा लिहिली, की ती हजार एकनं गुणली जाते. हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा, म्हणून ते तिघं आपोआप."

"मग भारी त्याच्या पुढचा, काका. ५१०५११. तुमच्या सातांपैकी कशानंही भागा, एक उरणार. म्हणजे पक्का मूळ."

"नाही."

"मूळच. असला तर मी आत्ता पाना लावतो. नसला तर थांबतो."

भाऊंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. वर नळ धो धो वाहतायत, इथं माझा जीव टांगणीला.

"एकोणीस," भाऊ म्हणाले.

फिटरनं खडूनं भिंतीवर भागाकार मांडला. सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर, बाकी शून्य. पुसून परत केला. शून्यच. पाना पिशवीत टाकून तो पायरीवर बसला.

"एकोणीस आपल्या सातांत नव्हता, काका."

"म्हणून तर तुम्ही फसलात," भाऊ म्हणाले. मीटरवरची नजर त्यांनी हलवली नाही.